सहाव्या मजल्यावरची दोरी

यांगोनवर प्रेम करायचं तर माणूस थोडा वेडा असावा लागतो, असं माझं स्पष्ट मत आहे. इथं वीज कधी जाईल नेम नाही. फुटपाथच्या फरशीवर पाय ठेवला की फरशी उलटते आणि खालचं गटाराचं पाणी कमरेला गुंडाळलेल्या लोंजीवर उडतं. मागच्या बोळातले उंदीर मांजरांना रस्ता देत नाहीत. मी साठी ओलांडली, जन्म याच गल्लीत गेला, आणि रोज सकाळी पानाची टपरी उघडताना या शहराला एक शिवी देऊनच दिवस सुरू करतो. त्यामुळे प्रेमाबिमाची गोष्ट माझ्याकडून ऐकायची असेल तर ती दॉ ओन ख्यिनचीच ऐकावी लागेल. प्रेम काय ते तिनं केलं. आम्ही नुसते राहतो.

ती आमच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर राहायची. त्याच्यावर फक्त छप्पर आणि पाण्याची टाकी. लिफ्ट नाही, त्यामुळे जितकं वर जाल तितकं भाडं कमी. म्हणून लग्न करून आणली तेव्हा नवऱ्यानं तिला थेट छपराखालीच नेऊन ठेवलं. नवरा नदीपलीकडच्या दला गावाच्या फेरीबोटीवर तिकिटं फाडायचा. भला माणूस, पण लवकर गेला. मागे राहिली ती, शिवणाचं मशीन आणि शाळेत जाणारा मुलगा नाइंग ऊ. मग ती बायकांचे ब्लाउज शिवायला लागली, आणि गल्लीत तिच्या दोरीचं राज्य सुरू झालं.

दोरी तशी इथं प्रत्येक गॅलरीला असते. वरच्या टोकाला घंटी, खालच्या टोकाला मोठा चिमटा. पेपरवाला पेपर चिमट्यात अडकवतो, दोरी ओढतो, वर घंटी वाजते, वरचा माणूस पेपर ओढून घेतो. पाहुणा आला तर खालच्या दाराची किल्ली तशीच उतरते. एवढे जिने चढायला कुणाचे गुडघे रिकामे आहेत? पण इतरांच्या दोरीवरून पेपर नि भाजी जायची, हिच्या दोरीवरून गल्लीतल्या समस्त बायकांची अब्रू वरखाली व्हायची. नवं कापड आणि मापाला जुना ब्लाउज, असं पिशवीतून वर जायचं. माप जुनं आणि बाई नवी असा प्रकार झाला की चीची गॅलरीतून वाकायची. चीची म्हणजे मोठी मावशी. आम्ही सगळे दॉ ओन ख्यिनला तेच म्हणायचो. तर ती वाकून खालच्या बाईला नीट न्याहाळायची आणि तिथूनच ओरडायची, "हे माप गेल्या सालचं आहे. तू काही गेल्या सालची राहिली नाहीस. दोन बोटं वाढवते."

अख्खी गल्ली ऐकायची. बाई लाजून अर्धी व्हायची, आणि माझी गिऱ्हाइकं तोंडातलं पान सांभाळत हसायच्या नादात एकमेकांचे सदरे रंगवायची. दोघीतिघींनी रागानं दुसरी शिंपीण धरली. तिनं कुणाला दुखवलं नाही, पण ब्लाउज काखेत उसवले. आल्या मग गुमान परत.

मला ती बा थौंग अशी नावानं हाक मारायची, आणि ती हाक आली की समजायचं, आज काहीतरी ऐकून घ्यायचं आहे. जिन्याच्या कोपऱ्यात कुणी पिंक टाकली की दोष माझा. पावसाळ्यात टपरीचं छप्पर गळलं की दोष माझा. मात्र रविवारी माशाची आमटी केली की पहिला डबा त्याच दोरीवरून माझ्याकडे उतरायचा. वर बोलणं असायचंच, की तुझ्या बायकोच्या हातचं खाऊन तू वाळलास म्हणून देते, नाहीतर मला काय पडलंय. माझी बायको ते ऐकायची आणि डबा धुऊन, त्यात काहीतरी गोड घालून परत वर पाठवायची. दोघींची अशी वर्षानुवर्षं लढाई चालली होती.

दोरी कुणी ओढली हे तिला बघावं लागत नसे. पेपरवाला दोनदा ओढतो, ती म्हणायची, आणि दुसऱ्यांदा उगाच ओढतो. मा न्वे, म्हणजे सकाळी डोक्यावर परात घेऊन उकडलेले वाटाणे विकणारी, ती एकदाच ओढायची, पण अशी की घंटी भिंतीवर आपटायची. चीचीचं माहेर इरावतीच्या मुखाकडच्या खेड्यातलं. तिथं शेजारचं घर ओढ्यापलीकडे. एकदा तिनं मला सांगितलं होतं, "तिकडं मी हाक मारली की बगळे उडायचे, बस. इथं आले त्या पहिल्या सकाळी मी नुसतं खोकले, तर समोरच्या गॅलरीतून एक बाई म्हणाली, आलं घाल चहात." हे सांगताना ती इतकी खूश झाली होती की मला वाटलं, ती बाई आता समोर आली तर ही तिला मिठीच मारेल.

नाइंग ऊ शिकला, हुशार निघाला, सिंगापूरला कॉम्प्युटरच्या नोकरीवर लागला. दर खेपेला येऊन तो आईच्या मागे लागायचा, की चल माझ्याकडे. ती दर खेपेला काहीतरी निमित्त काढायची. कुणाचं तरी लग्न, कुणाचे तरी ब्लाउज. मग गुडघे गेले. खाली उतरणंच बंद झालं. श्वेडगॉनच्या पॅगोड्याला जाणं बंद, बाजार बंद. पण तिला त्याचं फारसं दुःख झालेलं मला दिसलं नाही. गॅलरीत स्टूल टाकून बसायची आणि खालची सगळी गल्ली तिच्या ताब्यात.

मग तो दिवस आला. मा न्वेनं सकाळी वाटाणे पिशवीत घातले, चिमटा लावला, दोरी ओढली. उत्तर नाही. पुन्हा ओढली. मग तिला राग आला. म्हणाली, म्हातारी आज मुद्दाम करतेय, काल वाटाणे कच्चे होते म्हणून. तिसऱ्यांदा ओढली तेव्हा मात्र तिचा चेहरा उतरला. परात माझ्या टपरीवर ठेवली आणि ती जिन्याकडे धावली. तिच्यामागे मी, माझ्यामागे चहावाला, त्याच्यामागे कोण कोण. दार आतून बंद. कडी तोडली. चीची मोरीपाशी ओल्या फरशीवर पडलेली, कमरेचं हाड मोडलेलं, चेहरा पांढराफटक. तरीही आम्हाला बघून पहिलं वाक्य काय, तर दार कुणी फोडलं.

इस्पितळातून तिला घरी आणेपर्यंत नाइंग येऊन पोचला होता. त्यानं माझ्या टपरीवर येऊन माझे हात धरले, मा न्वेचे उपकार मानले, आणि मग शांतपणे म्हणाला, "आता मात्र मी तिला घेऊन जाणार."

मी म्हटलं, अरे, इथं होती म्हणून तर लगेच कळलं. पेपर असो, भाजी असो, वाटाणे असोत, तिची दोरी न ओढता गल्लीचा एक दिवस जात नाही.

"आणि ऊले, मा न्वे त्या दिवशी तापानं झोपली असती तर?" त्यानं विचारलं. ऊले म्हणजे काका.

"पेपरवाला होता."

"तो आजारी असता तर?"

पोरगा भांडत नव्हता. घाबरलेला होता. आईला ओल्या फरशीवर पडलेली त्यानं पाहिली नव्हती, आणि न पाहिलेलंच माणसाला जास्त छळतं. वर जाऊन तो आईपुढे बसला आणि रडला. मुलगा रडला की आईचं काही चालत नाही. तिनं मान डोलावली.

तिला खुर्चीत बसवून आम्ही खाली आणलं. सहा मजले ती सारखी बोलत होती. इथं पिंक आहे, तिथं कठडा हलतोय, चहावाल्या तुझा पाय सरकतोय, बा थौंग दम लागला तर तसं सांग. गाडीत बसली आणि गप्प झाली. माझ्या बायकोनं डब्यात घालून काहीतरी दिलं, ते मांडीवर घट्ट धरून बसली. गाडी नदीच्या अंगाला वळली. मी वर बघितलं, तर गॅलरीला दोरी नव्हती. तिनं ती सोडून, गुंडाळून, कपड्यांच्या तळाशी घातली होती हे आम्हाला नंतर कळलं.

पुढचे दिवस मोठे विचित्र गेले. मा न्वे सवयीनं त्या गॅलरीखाली थांबायची, हात वर जायचा, आणि मग ती माझ्याकडे बघून उगाच म्हणायची, आज ऊन फार आहे. ब्लाउज आता बायका बाजारातून तयार घ्यायच्या. कुणी कुणाला जाड म्हणत नव्हतं. भांडण नाही, ओरडा नाही, इतकी शांतता की मला टपरीवर बसवेना. बायको रविवारी विचारायची, आज माशाची आमटी करू का, आणि करायची नाही.

वर्ष उलटलं. पाण्याचा सण जवळ आला होता, पोरं पिचकाऱ्या घेऊन तालीम करत होती, आणि दुपारी एक गाडी येऊन थांबली. आत चीची. हडकलेली, केस कापलेले, पायात पांढरे बूट. मी टपरीतून उठायच्या आत मा न्वेनं तिच्या गळ्यात पडून रडायला सुरुवात केली होती. चीचीनं तिला दूर धरलं, खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "किती वाढलीस गं."

इतकं हसलो आम्ही, की गाडीवाल्याला वाटलं कुणाचं तरी लग्न आहे.

तिला चहाच्या दुकानात बसवून नाइंग माझ्याकडे आला. बुटकं स्टूल ओढून बसला, किती वर्षांनी पान मागितलं, आणि तिकडं काय झालं ते सांगितलं.

त्याचं घर बाराव्या मजल्यावर. लिफ्ट, पहारेकरी, दिवसरात्र वीज, नळाला पाणी, मोरीत धरायला दांडे. पडण्याची भीतीच नाही. तो सकाळी कामावर जायचा, संध्याकाळी यायचा. आई खात होती, औषधं घेत होती, काठी धरून चालायलाही लागली होती. एक दिवस इमारतीची देखभाल बघणारी माणसं आली. अगदी सभ्यपणे बोलली. तुमच्या खिडकीतून एक दोरी खालपर्यंत लोंबते आहे, चिमटा कुणाच्या डोक्यात पडला तर काय, कृपा करून काढा. नाइंगला काही कळेना. खिडकीपाशी गेला तर काय! हिनं आपल्या दोरीला कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी जोडून, झाडांच्या बाजूनं बारा मजले खाली सोडलेली. वर घंटी. खाली चिमटा.

तो आईवर चिडला. "आमे, इथं कोण ओढणार आहे? ही आपली गल्ली नाही." ती म्हणाली, हो, विसरले. दोरी ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर पुन्हा सोडली. असं चाललं. शेवटी हे एकदा निस्तरायचं म्हणून तो सुट्टी काढून घरी बसला.

"आणि ऊले, दुपारी घंटी वाजली," नाइंग म्हणाला. "मी कॉम्प्युटरवर काम करत होतो. घंटी वाजली आणि मी 'आलो, आलो' म्हणत धावलो. दोरी हातात घेऊन ओढायला लागलो. चारपाच हात ओढल्यावर मला कळलं, मी कुठं आहे ते."

पिशवीत लपेचं, मुरवलेल्या चहापत्तीचं, पाकीट होतं. खाली एक पोरगी उभी होती. आपल्याच इरावतीकाठच्या हिंथाडाकडची, तिकडं कुणा म्हाताऱ्याला सांभाळायच्या नोकरीवर. म्हाताऱ्याची चाकाची खुर्ची ढकलत ती रोज त्या झाडांखालून जायची. दोरी बघून तिनं ओळखलं, की वर आपलं माणूस आहे. नाव माहीत नाही, घर माहीत नाही. जवळ होतं ते चिमट्याला लावलं आणि ओढली. मान वर करून ती हसत होती आणि डोळे पुसत होती. चीची खिडकीतून ओरडली, "कुणाची गं तू? जेवतेस की नाही, कशी वाळलीस." बारा मजल्यांच्या खिडक्यांतून माणसं बघायला लागली.

मग ती पोरगी अधूनमधून यायची. पण दोरी ठेवता येईना. नियम तो नियम, त्यांचंही काही चुकलं नाही. नाइंगनं स्वतःच्या हातानं ती काढली आणि आईपुढे बसला. म्हणाला, आमे, एक सांग. त्या गल्लीत वीज नाही, पाणी नाही, उंदीर आहेत, जिने आहेत. तुला तिथलं एवढं काय लागतं?

ती रडली नाही, रागावली नाही. जरा विचार करून म्हणाली, "तिथं मी उत्तर दिलं नाही तर चारजण चिडतात. इथं मी दिवसभर उत्तर दिलं नाही तरी चालतं."

हे सांगून नाइंग पान न चावता तसाच बसून राहिला. साठ वर्षं या शहराला शिव्या देतोय, आणि मला हे एकदाही सुचलं नव्हतं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही तिला खुर्चीत बसवून वर न्यायला लागलो. खुर्चीचा एक पाय नाइंगनं धरला होता. चौथ्या मजल्यावर तिनं थांबायला सांगितलं. आम्हाला वाटलं, आमचा दम बघून म्हणते आहे. पण तिनं मुलाचा हात धरला.

"नाइंग, ऐकून ठेव. आता मी चालत खाली उतरणार नाही. पुढच्या वेळी मला हेच लोक उतरवतील. मला बर्फात ठेवून तुझी वाट बघू नका, असं मी यांना सांगणार आहे. तू वेळेवर पोचलास तर बरं. नाही पोचलास तर मनाला लावून घेऊ नकोस. मी काही एकटी जाणार नाही."

नाइंगनं मान खाली घातली. चहावाला भिंतीकडे बघायला लागला. मग तीच म्हणाली, उचला आता, इथं काय मुक्काम करायचाय. आम्ही उचललं.

त्यानंतर तीन पावसाळे ती आमच्यात राहिली, आणि मनसोक्त राहिली. एका दुपारी गॅलरीतल्या स्टुलावरच भिंतीला डोकं टेकून गेली. पेपर मांडीवर होता. खाली आम्हाला काही मिनिटांतच कळलं. समोरच्या गॅलरीतल्या बाईनं काहीतरी विचारलं होतं आणि चीचीनं उलट उत्तर दिलं नव्हतं. नाइंग तेव्हा कामासाठी जर्मनीत होता. तिनं सांगून ठेवल्याप्रमाणे आम्ही थांबलो नाही. गल्लीनंच तिला जिन्यावरून उतरवलं आणि गल्लीनंच पोचवलं.

सातव्या दिवशीच्या अन्नदानाच्या आदल्या दिवशी नाइंग आला. बॅग टपरीपाशी ठेवली. मला वाटलं, आता विचारेल, शेवटी काय म्हणाली, त्रास झाला का. त्यानं विचारलं, "ऊले, आईला कुणी कुणी खांदा दिला?"

मी नावं सांगितली. तो चहावाल्यासमोर गेला आणि तिथंच फुटपाथवर, त्या उलटणाऱ्या फरशीवर, गुडघे टेकून, हात जोडून त्यानं कपाळ जमिनीला लावलं. असा नमस्कार आमच्याकडे भिक्षूंना करतात, आईबापांना करतात, गुरुजींना करतात. चहावाला किटली हातात घेऊन नुसता उभा राहिला. मग पेपरवाला. मग इतर. मा न्वेपुढे तो वाकला तेव्हा ती, त्याच्याहून धाकटी, घाबरून मागे सरली, नको नको म्हणायला लागली, परात कलली आणि वाटाणे रस्ताभर सांडले. तो उठला नाही. तीच मग खाली बसली आणि तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

शेवटी तो माझ्याकडे आला. मी त्याला अडवलं नाही. नको म्हणालो नाही, खांद्याला धरून उठवलं नाही. तो नमस्कार आमचा नव्हताच. त्याला तो आईला करायचा होता, आणि ती आता जेवढी कुठं उरली होती तेवढी आमच्यात होती. मी ताठ बसून राहिलो आणि त्याचा नमस्कार पुरता होऊ दिला.